गुडघा बदलल्यावर इन्फेक्शन होऊ नये म्हणून आधी काय करायचं, घरी काय सांभाळायचं

गुडघा बदलायचं ठरलं की घरात चर्चा दोनच गोष्टींची होते, खर्च किती येणार आणि चालायला कधी लागणार. इन्फेक्शनबद्दल विचारणारे फार थोडे, आणि जे विचारतात त्यांनाही वाटतं की ते काम हॉस्पिटलचं, ओटी स्वच्छ असली की झालं. मी ठाण्यात ऑर्थोच्या वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर होते, आता निवृत्त झालेय, पण सोसायटीत किंवा ओळखीत कुणाचा गुडघा झाला की अजूनही पहिला फोन मला येतो. हॉस्पिटलचा वाटा मोठा आहेच, पण पेशंट तिथे असतो तीन-चार दिवस, त्याआधीचे दोन महिने आणि नंतरचं सगळं आयुष्य तो घरातच असतो, त्यामुळे सांभाळायचं बरंचसं घरीच असतं.

घाबरायचं कारण नाही हे आधी सांगते. पहिल्यांदा केलेल्या गुडघ्यात खोलवर इन्फेक्शन होतं ते साधारण शंभरात एक-दोन जणांना. पण ज्याला होतं त्याचे हाल फार होतात म्हणून एवढं लांबण लावून लिहितेय.

हे इन्फेक्शन इतकं चिवट का

आपल्या मांसात जंतू शिरले तर रक्तातून पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, औषध पोचतं, आणि आठ-दहा दिवसांत जखम आटोक्यात येते. नवीन गुडघा म्हणजे धातू आणि एक प्रकारचं घट्ट प्लास्टिक, त्याच्या आतून रक्तच वाहत नाही. जंतू त्यावर जाऊन चिकटले की ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, बाथरूममधल्या जुन्या बादलीला तळाशी बुळबुळीत थर बसतो ना तसाच. त्या थराच्या आतल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. वरवरचे मरतात, ताप उतरतो, दुखणं कमी होतं, आणि औषध थांबलं की आतले परत डोकं वर काढतात.

थर कोवळा असतो तोपर्यंत सर्जन परत गुडघा उघडून, आतून धुऊन, मधलं प्लास्टिक बदलून सांधा वाचवू शकतात. हे सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांतच साधण्यासारखं असतं. थर जुना झाला की बऱ्याचदा पूर्ण सांधा काढावा लागतो, त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, कित्येक आठवडे अँटिबायोटिक चालतं, आणि मग परत नवीन सांधा. म्हणजे दोन मोठी ऑपरेशनं, मध्ये काही महिने वॉकरवर. त्यामुळे खाली जे काही लिहितेय त्याचा अर्थ एवढाच धरा की जंतूला धातूपर्यंत जाऊ द्यायचं नाही, आणि गेल्याची शंका जरी आली तरी एक दिवसही वाया घालवायचा नाही.

ऑपरेशनच्या दोन-तीन महिने आधी

हा भाग लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात. तारीख मिळाली की घाई असते, मुलगा सुट्टी काढून येणार असतो, सुनेच्या शाळेला सुट्टी असते, मग बाकी सगळं त्या तारखेत बसवायचं. मी म्हणते तारीख महिनाभर पुढे गेली तरी चालेल, गुडघा दहा वर्षं दुखलाय तो अजून एक महिना दुखेल.

सगळ्यात पहिली शुगर. रोजची उपाशीपोटीची नव्हे, तीन महिन्यांची, म्हणजे एचबीए१सी. बहुतेक सर्जन ती ७.५ ते ८ च्या आत असल्याशिवाय हात लावत नाहीत, आणि नाही म्हणाले तर रागावू नका, ते तुमच्याच भल्याचं करताहेत. शुगर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत आणि जखम भरायला उशीर लागतो. ज्यांना डायबिटीस नाही असं वाटतं त्यांनीसुद्धा तपासून घ्या, कारण साठी ओलांडलेल्या कित्येकांना तो पहिल्यांदा कळतो तो ऑपरेशनच्या तपासणीतच.

दुसरं गुडघ्यातलं इंजेक्शन. दुखणं असह्य झालं की काहीजण गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतात, त्याने बरं वाटतं हे खरं, पण ते घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. तेव्हा शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सर्जनला तारखेसकट सांगा, आणि ते दुसऱ्या डॉक्टरकडे घेतलं असेल तर मुद्दाम सांगा, लोक संकोचाने लपवतात.

मग दात. हलणारा दात, किडलेली दाढ, हिरडीतून येणारं रक्त किंवा पू, हे सगळं आधी निस्तरून घ्या. तोंडातले जंतू रक्तात जातात आणि रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. दाढ काढायची असेल तर ती जागा भरून यायला वेळ मिळेल अशा बेताने काढा, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नको.

पाय नीट बघा. खरंच बघा, चष्मा लावून, उजेडात, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून स्वतःचे तळवे दिसतच नाहीत. टाचेच्या भेगा, बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, नखुरडं, कुरूप कापून झालेली जखम, मांडीवर केसतोड किंवा गळू, यातलं काहीही असलं तरी ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. ठाण्याच्या पावसाळ्यात तर जून ते सप्टेंबर चिखल्या घराघरांत असतात, जांभळी नाक्यावर भाजी आणायला चप्पल घालून गेलं की पाय ओलेच, घरी आल्यावर कोरडे करायचा कंटाळा. पावसाळ्यात ऑपरेशन करू नये असं अजिबात नाही, ओटीत पावसाचा काही संबंध येत नाही, पण पायाची कातडी महिनाभर आधीपासून कोरडी आणि अखंड ठेवायची जबाबदारी घरच्यांनी घ्यायला हवी.

तंबाखू, सिगारेट, मशेरी, निदान चार आठवडे आधी बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांपर्यंत रक्त कमी पोचतं. मशेरीचं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडच्या आज्जी लोकांना विचारलं की तंबाखू खाता का तर त्या नाही म्हणतात, मशेरी हे त्यांच्या हिशेबी व्यसनच नसतं.

हिमोग्लोबिन कमी असेल तर ते आधी वाढवून घ्या म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवायची पाळी कमी येते, रक्त चढवल्यानेही इन्फेक्शनचा धोका थोडा वाढतो. आमवाताची औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनाने काही थांबवू नका. मेथोट्रेक्सेट सहसा चालूच ठेवतात पण बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनांची वेळ ऑपरेशनशी जुळवून घ्यावी लागते, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर जीवावर बेतू शकतं. आमवाताचे डॉक्टर आणि सर्जन दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं असं काही असेल तर तपासून औषध पूर्ण करा. काहीच त्रास नसताना नुसत्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले म्हणून मात्र घाबरू नका, त्याचं काय करायचं ते सर्जन ठरवतील.

नाकाचंही एक आहे. पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू गुपचूप राहत असतो, आणि सांध्याच्या इन्फेक्शनमध्ये सापडणाऱ्या जंतूंत हा पहिल्या रांगेतला. काही हॉस्पिटलं नाकाचा स्वॅब घेतात आणि जंतू सापडला तर म्युपिरोसिनचं मलम साधारण पाच दिवस नाकात लावायला आणि क्लोरहेक्सिडीनच्या साबणाने आंघोळ करायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही, ज्यांच्या नाकात हा जंतू आहे अशांसाठी मलमाचा सल्ला आहे. तुमच्या सर्जननी काही सांगितलं नसेल तर विचारा, विचारल्याने कुणी चिडत नाही.

आदला दिवस

घरी रेझरने पाय साफ करायचा नाही. न्हाव्याला घरी बोलावून किंवा नवीन ब्लेड आणून पाय स्वच्छ करून येणारे लोक मी पाहिलेत, त्यांना वाटतं आपण मदत करतोय. ब्लेडने कातडीवर न दिसणारे बारीक चिरे पडतात आणि त्यात रात्रभरात जंतू वाढतात. केस काढायचेच असले तर हॉस्पिटलमध्ये मशीनने काढतात. वॅक्सिंग, केस काढायचं क्रीम, काही नको.

आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ, दिला असेल तर औषधी साबण. नंतर पायाला तेल, क्रीम, पावडर, व्हॅसलीन काहीही नाही. धुतलेले कपडे, धुतलेली चादर. नखं कापलेली, नेलपॉलिश काढलेलं. ताप, खोकला, जुलाब किंवा पायावर नवीन फोड आला असेल तर सकाळी निघायच्या आधी फोन करून सांगा. लपवून ॲडमिट होऊ नका.

हॉस्पिटलमधले दिवस

इथलं बरंचसं आपल्या हातात नसतं. चिरा द्यायच्या आधी तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक देतात, बहुधा सेफाझोलिन किंवा सेफ्युरॉक्झिम. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं कुणी कधी सांगितलं असेल तर नेमकं काय झालं होतं ते आठवून सांगा, पुरळ आलं होतं, श्वास अडकला होता, का नुसतं पोट बिघडलं होतं, कारण नुसतं ॲलर्जी म्हटलं की डॉक्टरांना दुसरं औषध निवडावं लागतं आणि ते बऱ्याचदा इतकं चांगलं नसतं. ऑपरेशननंतर अँटिबायोटिक बहुतेकांना एखाद्या दिवसापेक्षा जास्त लागत नाही. "सिस्टर, घरी जाताना गोळ्या दिल्याच नाहीत" ही तक्रार मी कायम ऐकायचे. नाही दिल्या म्हणजे विसरले नाहीत, गरज नाही.

तुमच्या हातात आहे ते एवढंच: पेशंटला हात लावणारा प्रत्येकजण, डॉक्टर, सिस्टर, मावशी, फिजिओ, आणि तुम्ही स्वतः, हात धुतो की नाही ते बघा आणि नसेल तर गोड शब्दांत सांगा. लघवीची नळी आणि सलाईनची सुई गरज संपली की लवकर निघाली पाहिजे, रोज विचारा. सुईच्या जागी लाल झालं, दुखायला लागलं तर लगेच दाखवा. आणि भेटायला येणाऱ्यांना हॉस्पिटलमध्ये नको म्हणा, सगळा गोतावळा घरी आल्यावर भेटेल.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे

ड्रेसिंगला हात लावायचा नाही. हा सगळ्यात सोपा नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा. हल्ली बऱ्याच ठिकाणी वॉटरप्रूफ, बंदिस्त ड्रेसिंग लावतात जे आठवडाभर तसंच ठेवायचं असतं. ते आतल्या बाजूने थोडंसं रंगलं म्हणून काढून बघायचं नाही, प्रत्येक वेळी काढलं की आतली जागा उघडी पडते. डिस्चार्जच्या वेळी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: ड्रेसिंग कधी बदलायचं, कोण बदलणार, पिना किंवा टाके कधी काढायचे (साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात), आणि रात्री-अपरात्री फोन कुठल्या नंबरवर करायचा. शेवटचा नंबर फ्रिजवर चिकटवा.

घरी येऊन ड्रेसिंग करणारी सिस्टर किंवा ब्रदर लावलात तर त्यांनी आल्या आल्या हात धुवायला हवेत, नवीन ग्लोव्हज घालायला हवेत आणि पाकीटबंद सामान तुमच्या समोर फोडायला हवं. एका घरात वापरलेली कात्री तशीच बॅगेतून काढली तर थांबवा. फिजिओलाही हेच, ते दिवसभरात पाच-सहा घरं करून आलेले असतात. मशीनचे पॅड जखमेजवळ नकोत, शेकायची पिशवी तर पहिल्या दिवसांत नकोच. बर्फ चालतो, पण पातळ कापडात गुंडाळून, ड्रेसिंग ओलं होणार नाही असा.

आता आपल्या घरातल्या उपायांबद्दल. हळद, आंबेहळदीचा लेप, रक्तबोळ, खोबरेल, तूप, कोरफड, जखमेवर टाकायची अँटिबायोटिक पावडर, यातलं काहीही टाक्यांवर किंवा टाक्यांच्या जवळपास लावायचं नाही. आमच्या घरातही मुका मार लागला की आंबेहळद उगाळली जाते, तिच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. पण सहाणेवर उगाळलेला लेप निर्जंतुक नसतो आणि खाली धातू आहे. पावडरीने तर टाक्यांवर कडक खपली धरते आणि खाली ओल साठते. गावाहून आलेली मावशी प्रेमाने वाटी घेऊन बसली तर तिला सांगा, "मावशी, डॉक्टरांनी सहा आठवडे काही लावू नका म्हणून सांगितलंय", डॉक्टरांचं नाव घेतलं की वाद होत नाही.

आंघोळ. वॉटरप्रूफ ड्रेसिंग असेल आणि सर्जननी हो म्हटलं असेल तर स्टुलावर बसून हँडशॉवरने करता येते, नाहीतर अंग पुसून घ्या. पाणी महापालिकेचं असो की टँकरचं, गच्चीवरच्या टाकीतून येतं आणि उघड्या जखमेसाठी ते पुरेसं स्वच्छ नसतं. पिना काढल्यावर पहिला एक-दोन दिवस तरी भोकं कोरडी राहू द्या, मग साबणाचं पाणी वरून ओघळलं तर चालतं, चोळायचं नाही, स्वच्छ टॉवेलने टिपून घ्यायचं. टब, स्विमिंग पूल, गावाला गेलात तर नदी-विहीर, जखम पूर्ण मिटेपर्यंत नको, साधारण सहा आठवडे धरा आणि सर्जनला विचारूनच उतरा. दिवाळी आली तर अभ्यंगस्नानाचं तेल-उटणं त्या गुडघ्याला लावायचं नाही, बाकी अंगाला लावा.

टॉवेल पेशंटचा वेगळा आणि रोज धुतलेला. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात, बाल्कनीत ड्रायरवर वाळत घातलेल्याला कुबट वास येतो, तर टॉवेल, पायजमा, गाऊन इस्त्री करून वापरा. सुती, ढगळ कपडे घाला. चादर दोन-तीन दिवसांनी बदला. घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या रस्त्याला लागून घर असेल तर खोलीची खिडकी दुपारी बंद ठेवा आणि झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. मांजर-कुत्रा असेल तर पलंगावर नको, आणि जखम चाटू देऊ नका. लांब ब्रेस दिला असेल तर त्याचे पट्टे आणि पायात घालायचे टाइट मोजे रोज काढून टाचेची, घोट्याची कातडी बघा, तिथे घासून जखम झाली तर तिथूनही जंतू शिरतात.

माणसं येणारच. सर्दी-खोकला, ताप, अंगावर फोड असलेल्यांनी फोनवर बोलावं, बाकीच्यांनी हात धुऊन यावं, पलंगाच्या कडेला बसावं आणि "बघू बघू किती मोठा कट आहे" म्हणून बोट लावू नये. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि तोच दाखवा.

व्यायामाचंही एक सांगायचं राहतं. शेजारच्या काकांचा गुडघा आठव्या दिवशी पूर्ण वाकला म्हणून आपलाही वाकवायची चढाओढ लावू नका. जखम पाझरत असताना जोर लावून वाकवलं तर टाक्यांवर ताण येतो आणि पाझर वाढतो. अशा वेळी सर्जन एक-दोन दिवस वाकवणं थांबवायला सांगतात, ते ऐका. रक्त पातळ करायची गोळीही मनाने बंद किंवा दुप्पट करू नका. बंद केली तर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ व्हायची भीती, जास्त झाली तर आत रक्त साठतं आणि साठलेलं रक्त जंतूंना आयतं खाद्य.

खाणं आणि शुगर

"आंबट खाऊ नकोस पू होईल", "भात नको, डाळ नको, जखम चिघळेल", हे अजूनही ऐकू येतं आणि मग पेशंट पंधरा दिवस चहा-बिस्किटं आणि साबुदाण्याच्या खिचडीवर. भाताने पू होत नाही, पू जंतूंनी होतो. जखम भरायला प्रोटीन लागतं, ते प्रत्येक जेवणात असायला हवं: अंडी, मासे, चिकन, डाळ, मोडाची मटकी, पनीर, दही, शेंगदाणे. मासे खाणाऱ्या घरात सुरमई, बांगडा, मांदेली जे ताजं मिळेल ते खुशाल द्या. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांतलं सी जीवनसत्त्व जखमेला हवंच असतं. किडनीचा त्रास असेल त्यांनी प्रोटीन किती घ्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

डायबिटीस असेल तर पहिले काही आठवडे घरी मशीनवर शुगर तपासून वहीत लिहा. ऑपरेशनच्या ताणाने ती वाढते आणि त्यात भेटायला येणारे शहाळी, ज्यूस, पेढे घेऊन येतात. सतत २०० च्या वर जात असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता आपल्या शुगरच्या डॉक्टरांना कळवा.

काय नॉर्मल, काय धोक्याचं

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून वाचा. गुडघा गरम लागणं, सुजलेला राहणं हे नॉर्मल आहे, आणि एक-दोन आठवडे नाही तर तीन ते सहा महिनेसुद्धा. मांडी-पोटरी काळी-निळी होणं नॉर्मल. पिनांच्या भोवती अगदी बारीक गुलाबी कडा नॉर्मल. पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडी कणकण नॉर्मल. जखमेच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं हेही नॉर्मल, ते इन्फेक्शन नाही.

दिशा बघायची असते. दुखणं, सूज, लाली दर आठवड्याला थोडीथोडी कमी होत गेली पाहिजे, मधे एखादा दिवस व्यायाम जास्त झाला म्हणून वाढली तर चालतं. कमी होत होत परत चढायला लागली तर गाडी उलटी फिरलीय.

सर्जनला त्याच दिवशी फोन करायचा तो अशा वेळी: ऑपरेशनला तीन-चार दिवस होऊन गेले तरी ड्रेसिंग भिजतंय किंवा कोरडी झालेली जखम परत ओली झाली, मग ते पाणी असो, रक्त असो की पिवळं काही, जखमेला वास येतोय, टाक्यांची कड उघडली किंवा काळी पडली, लाली पसरतेय, १००.४ च्या वर ताप आहे किंवा थंडी वाजून येतेय. आराम करतानाही गुडघा ठणकतोय, रात्री झोप लागू देत नाही. कालपर्यंत वाकणारा गुडघा आज वाकेना. पोटरीत घट्ट दुखणं किंवा दम लागणं हे इन्फेक्शनचं नाही पण गाठीचं असू शकतं, त्यासाठी फोन करत बसू नका, सरळ इमर्जन्सीला जा.

डायबिटीस, आमवात किंवा स्टिरॉइड चालू असणाऱ्यांना ताप न येताही इन्फेक्शन असू शकतं, म्हणून ताप नाही ना मग काही नाही असं धरून चालू नका.

लालीचा फोटो रोज एकाच वेळी, खिडकीच्या उजेडात, तेवढ्याच अंतरावरून काढा. लालीची कड बॉलपेनने कातडीवर आखा, जखमेपासून लांब, आणि बाजूला तारीख घाला, दुसऱ्या दिवशी रेघ ओलांडली की नाही ते सरळ दिसतं. व्हॉट्सॲपवर सर्जनला पाठवायला हे फार उपयोगी पडतं. पण फोटोवरून "बरं दिसतंय" असं उत्तर आलं आणि जखम तरी ओलीच राहिली, तर प्रत्यक्ष जाऊन दाखवा. आणि गायमुखपासून कापूरबावडीपर्यंतचं ट्रॅफिक माहीत आहे ना, मग सकाळी लवकर निघा पण निघा, सोमवारी जाऊ म्हणू नका.

एक गोळी जी घ्यायची नाही

मला या सगळ्या लेखात सगळ्यात कळकळीने हेच सांगायचंय. जखम ओली झाली, लाल झाली, की घरचे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातात किंवा थेट मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतात. हेतू चांगला असतो. होतं काय, की वर लिहिलं तसं वरवरचे जंतू मरतात, जखम कोरडी दिसायला लागते, सगळे निवांत होतात, आणि आत धातूवर थर पक्का होत राहतो. मग दीड-दोन महिन्यांनी पेशंट सर्जनकडे जातो तेव्हा सांधा धुऊन वाचवायची वेळ निघून गेलेली असते.

दुसरं नुकसान असं की जंतू कोणता ते सापडत नाही. खोल इन्फेक्शनची शंका आली की सर्जन निर्जंतुक सुईने गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायला पाठवतात, त्यात जंतू वाढला की कोणतं औषध त्याला लागू पडतं ते कळतं. आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये काहीच वाढत नाही, आणि पेशंटची तब्येत साथ देत असेल तर गोळ्या बंद करून दोन आठवडे थांबून परत पाणी काढायची वेळ येते. म्हणून पाणी काढून होईपर्यंत अँटिबायोटिक नाही. पेशंट खूपच आजारी असेल, बीपी उतरलं असेल, तर अर्थातच थांबत नाहीत, पण तो निर्णय हॉस्पिटलचा. फॅमिली डॉक्टरकडे जायला काहीच हरकत नाही, फक्त त्यांना सांगा की आधी ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांच्याशी बोला.

सीआरपी आणि ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या स्वतःहून करून घाबरू नका. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस सीआरपी वाढतोच, मग उतरत जातो आणि काही आठवड्यांत ठिकाणावर येतो, ईएसआर तर महिनोन्महिने वाढलेला राहू शकतो. एका आकड्याला अर्थ नसतो, तो उतरतोय की चढतोय ते बघतात.

महिने-वर्षं झाल्यावर

जखम मिटली, काठी सुटली, तलावपाळीला फेऱ्या सुरू झाल्या, तरी धातू आत आहेच आणि जंतू रक्तातून कधीही तिथे पोचू शकतो. तीन वर्षं छान चाललेला गुडघा एका रात्रीत सुजला, लाल झाला, ताप भरला, तर आधी तपासा की अलीकडे पायाला जखम, लघवीचं इन्फेक्शन, दाताचा गळू, न्यूमोनिया असं काही झालं होतं का, आणि तसेच हॉस्पिटलला जा. अशा वेळीही पहिले दिवसच महत्त्वाचे.

म्हणून पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी किंवा उघड्या चपलेने जाऊ नका, जावं लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. भेगांना रोज रात्री व्हॅसलीन किंवा क्रीम, आता ते चालतं. पेडिक्युअर करताना कडेचं नख खोल कापू देऊ नका. पाय लालबुंद होऊन सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर.

दातांचं साधं काम, क्लिनिंग वगैरे, पहिले तीन महिने पुढे ढकललेलं बरं, पण दाढेत पू झाला असेल तर थांबायचं नाही. दाताच्या प्रत्येक कामाआधी अँटिबायोटिक घ्यायलाच हवं असं पूर्वी सांगायचे, हल्ली बहुतेक निरोगी लोकांना त्याची गरज नाही असं मानतात. शुगर ताब्यात नसेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा आधी सांध्याचं इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर डेंटिस्ट आणि सर्जन मिळून ठरवतात. तुम्ही फक्त खुर्चीत बसायच्या आधी सांगा की माझा गुडघा बदललेला आहे. हेच लघवीच्या मार्गाची किंवा आतड्याची दुर्बीण घालायच्या आधी आणि कुठलंही ऑपरेशन ठरल्यावर सांगायचं.

बदललेल्या गुडघ्यात कुणालाही सहज म्हणून इंजेक्शन देऊ देऊ नका, दुखत असेल तर आधी कारण शोधायचं. हॉस्पिटलने दिलेलं इम्प्लांटचं कार्ड किंवा स्टिकर लावलेला कागद, डिस्चार्ज समरी आणि सर्जनचा नंबर यांचा फोटो पेशंटच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही मोबाइलमध्ये ठेवा. उद्या गावाला असताना गुडघा सुजला तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यांदा हेच लागेल.